छापखाना कोणाच्या नावावर? हॅम्बुर्गच्या एका मुद्रकाचे प्रकरण, १८७८ ते १८८१

या प्रकरणातला मुख्य माणूस मुळात जुळारी होता, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, ज्यांना खिळे म्हणत, ती जुळवून छापायचा मजकूर तयार करणारा कामगार. योहान हाइनरिश विल्हेल्म डीट्स, जन्म ३ ऑक्टोबर १८४३, गाव उत्तर जर्मनीतले ल्यूबेक. पुढे ते छापखान्याचे व्यवस्थापक झाले, मग मालक, मग प्रकाशक. १८८१ पासून १९१८ पर्यंत ते हॅम्बुर्गच्या दुसऱ्या मतदारसंघातून राइशटागवर, म्हणजे जर्मन संसदेवर, सलग निवडून येत राहिले. त्यांचे सगळे आयुष्य इथे मांडायचे नाही. ऑक्टोबर १८७८ ते डिसेंबर १८८१ ही सव्वातीन वर्षे तेवढी घेतली आहेत. एका सहकारी छापखान्यावर सरकारी टाच येणार हे दिसत असताना त्या माणसांनी काय ठरवले, ते कसे पार पडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच बघायचे आहे. संस्था चालवणाऱ्या, पतपेढी किंवा नियतकालिक सांभाळणाऱ्या कोणालाही हा पेच परका वाटणार नाही.

पार्श्वभूमी

डीट्स ल्यूबेकमध्ये खिळे जुळवायला शिकले आणि मग काही वर्षे रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या छापखान्यांत काम करून परतले. त्या काळी जुळारी म्हणजे कामगारांमधला वाचणारा माणूस. हातात येणारा प्रत्येक मजकूर, मग ते प्रवचन असो, व्यापाऱ्याचा दरपत्रक असो की संसदेतले भाषण, त्याला अक्षर-अक्षर वाचावाच लागे. जर्मनीत मुद्रण कामगारांची देशव्यापी संघटना १८६६ मध्येच उभी राहिली होती, आणि १८७३ मध्ये त्यांनी मालकांशी सगळ्या देशासाठी एकच मजुरीचा करार केला. इतर धंद्यांतल्या कामगारांना असे काही मिळायला बराच काळ जायचा होता. डीट्स याच संघटनेच्या कामातून वर आले.

१८७५ मध्ये गोथा शहरात जर्मन समाजवाद्यांचे दोन प्रवाह एकत्र येऊन एक पक्ष झाला. त्याच सुमारास हॅम्बुर्गमध्ये कामगारांनी भाग घेऊन सहकारी छापखाना काढला. तिथून ‘हॅम्बुर्ग-आल्टोनाअर फोल्क्सब्लाट’ हे वृत्तपत्र निघू लागले. हॅम्बुर्ग हे बंदराचे शहर. गोदी कामगार, सिगार वळणारे, जहाजबांधणीतले सुतार हा त्याचा वाचक. डीट्स छापखान्याचा कारभार बघू लागले.

१८७४ चा जर्मन वृत्तपत्र कायदा या सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. त्या कायद्याने छापण्याआधीची तपासणी रद्द केली. परवाना नको, अनामत रक्कम नको. पण प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि गाव असलेच पाहिजे, आणि नियतकालिक असेल तर जबाबदार संपादकाचे नावही. म्हणजे छापायला मोकळीक, आणि छापल्यावर कोणाची मानगूट धरायची ते कागदावरच लिहिलेले. यातून समाजवादी वृत्तपत्रांत एक वेगळेच पद जन्माला आले. संपादक म्हणून नाव एकाचे, लेखणी दुसऱ्याची. खटला झाला की नाव असलेला माणूस तुरुंगात जाऊन बसायचा आणि अंक चालू राहायचा. लोक त्याला ‘बसण्याचा संपादक’ म्हणत. आज ऐकायला गमतीचे वाटते, पण ती माणसे महिनोन्‌महिने खरोखर आत बसत होती आणि बाहेर त्यांची घरे वर्गणीवर चालत होती.

मग १८७८ चा उन्हाळा आला. ११ मे रोजी माक्स ह्योडेल नावाच्या तरुणाने कैसर विल्हेल्म पहिला याच्यावर गोळी झाडली. ती हुकली. २ जूनला कार्ल नोबिलिंगने झाडलेल्या छऱ्यांनी म्हातारा कैसर गंभीर जखमी झाला. दोघांपैकी एकाच्याही मागे पक्ष नव्हता. पण चॅन्सलर बिस्मार्कला हवे ते निमित्त मिळाले. संसद विसर्जित झाली, जुलैच्या अखेरीस निवडणूक झाली, आणि १९ ऑक्टोबर १८७८ रोजी २२१ विरुद्ध १४९ मतांनी समाजवादविरोधी कायदा मंजूर झाला. काही दिवसांतच तो लागू झाला.

अडचण

या कायद्याने पक्षाच्या संघटना, सभा, वर्गण्या आणि छापील साहित्य यांवर बंदी घालण्याचा अधिकार पोलिसांना दिला. बंदी आली की संघटनेची तिजोरी आणि तिच्या कामासाठी असलेल्या वस्तू सरकारी ताब्यात जाणार. मुद्रक, पुस्तकविक्रेते, गुत्तेवाले यांना कोर्टात शिक्षा झाली, तर त्यांचा धंदाही बंद करता येणार. निवडणूक लढवायला आणि संसदेत बोलायला मात्र मोकळीक राहिली. कायद्याचा मसुदा करताना ती फट बुजवायची राहिली असे नाही. मतदार कोणाला निवडतो यावर बंदी घालणे तेव्हाच्या राज्यघटनेत बसत नव्हते.

‘फोल्क्सब्लाट’वर लगेच बंदी आली. वृत्तपत्र जाणार हे सगळ्यांनी धरलेच होते. खरा प्रश्न छापखान्याचा होता.

छापखाना म्हणजे काय होते, हे डोळ्यांपुढे आणायला हवे. छपाईयंत्रे, कागदाचा साठा, शाई, रूळ, आणि मणाच्या हिशेबात मोजावे लागतील इतके शिशाचे खिळे. हे सगळे कामगारांनी थोडे थोडे पैसे घालून उभे केलेले. कागदोपत्री मालक होती सहकारी संस्था. आणि नवा कायदा उठला होता तो नेमका अशा संस्थांवर. मालमत्ता संस्थेच्या नावावर राहिली, तर एका सकाळी पोलीस येणार, दाराला लाखेची मोहोर लावणार, आणि मागे उरणार फक्त भागधारकांच्या घरातल्या पावत्या.

शिवाय राजकीय पक्षाला त्या वेळी स्वतःच्या नावावर काही घेता येत नव्हते. आज आपण ज्याला प्रायव्हेट लिमिटेड म्हणतो, त्या जातीची मर्यादित जबाबदारीची कंपनी जर्मनीत १८९२ च्या कायद्यानंतर आली. १८७८ मध्ये ती वाट नव्हतीच. म्हणजे मालमत्ता कोणाच्या तरी नावावर असायला हवी, आणि ते ‘कोणी’ म्हणजे रक्तामांसाचा एक माणूस असायला हवा.

समोरचे पर्याय

एक वाट होती सगळे विकून टाकून पैसे भागधारकांना परत करण्याची. प्रामाणिक आणि सुरक्षित. पण एकदा यंत्रे गेली की पुन्हा तशी उभी करायला किती वर्षे लागतील, हे कोणी सांगावे? शिवाय छापखान्यातली माणसे रस्त्यावर आली असती, आणि बंडखोर म्हणून नाव झालेल्या जुळाऱ्याला दुसरीकडे काम मिळणे कठीण होते.

दुसरी वाट परदेशाची. ती पक्षातल्या काहींनी धरली. योहान मोस्ट यांनी जानेवारी १८७९ मध्ये लंडनहून ‘फ्राइहाइट’ काढले. सप्टेंबर १८७९ पासून झ्युरिकहून ‘डेर सोत्सियालडेमोक्राट’ निघू लागले आणि युलियुस मोटेलर यांनी ते सीमेपलीकडून जर्मनीत पोचवण्याची गुप्त व्यवस्था बसवली. लोकांनी तिला ‘लाल टपाल’ म्हटले. मनातले सगळे मोकळेपणाने छापायचे तर हाच मार्ग होता. पण तस्करीने येणारा अंक मोजक्यांच्या हाती पडतो. बंदरावरच्या हमालाला रोज सकाळी हवे असते ते बंदराचे, मजुरीचे, भाड्याचे, कोर्टकचेरीचे वर्तमान. ते झ्युरिकहून येऊ शकत नव्हते.

तिसरी वाट म्हणजे शहरातच चोरून छापणे. मुद्रकाचे नाव नसलेला कागद मुळात बेकायदा, आणि वृत्तपत्राचा छापखाना तळघरात लपत नाही. यंत्र चालले की शेजारच्या भिंतीला कळते.

उरली चौथी वाट. छापखाना एका माणसाच्या खाजगी नावावर करायचा, त्याने तो साधा धंदा म्हणून चालवायचा, आणि कायद्याच्या कक्षेत बसेल ते छापायचे. यात दोन गोष्टी पोटात घालाव्या लागणार होत्या. शेकडो माणसांच्या पैशांवर एकाचे नाव लागणार, आणि जे छापले जाईल ते पूर्वीइतके धारदार नसणार.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा निर्णयबिंदू हाच आहे. तो समजायला १८७४ च्या वृत्तपत्र कायद्यातले एक बारीक कलम उपयोगी पडते. मजकूर जप्त करताना पोलिसांना छपाईच्या पाट्या आणि जुळवलेले फर्मेही जप्त करता येत. पण मुद्रकाने मागणी केली, तर जुळवलेला मजकूर जप्त करण्याऐवजी तो जागच्या जागी सोडवून घ्यावा, म्हणजे त्याचे खिळे सुटे करावेत, अशी तरतूद होती. समाजवादविरोधी कायद्यातही जप्तीच्या वेळी हीच सवलत ठेवलेली होती.

खिळ्यांचा छापखाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत असा एक छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, गणपतीच्या वर्गणीची बिले असे काम. तिथले जुळारी काका दुपारी मॅटर सोडायला बसत. छापून झालेल्या चार-पाच ओळी पाण्याने ओल्या करायच्या, म्हणजे त्या एकमेकींना धरून राहतात. त्या डाव्या हातावर तोलायच्या. उजव्या हाताने एक शब्द उचलायचा, उलटा वाचायचा, आणि बोटांतून एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. केसकडे, म्हणजे त्या खणांच्या पेटीकडे, बघायचेसुद्धा नाही. टिक, टिक, टिक. तासाभरात पानभर मजकूर नाहीसा होई आणि केस भरलेली असे. मी एकदा विचारले, की जुळवायला एवढा वेळ लागला ते मोडायचे कशाला? ते म्हणाले, “उद्याचं जुळवायला खिळे नकोत का, बाळा?”

बिस्मार्कच्या राज्याला मजकुराची भीती होती, पण शिशाची नव्हती. खिळे ही मुद्रकाची मालमत्ता, आणि व्यापाऱ्याच्या मालमत्तेला हात लावताना ते राज्य चार वेळा विचार करत असे. संघटनेला ते मोडून काढू शकत होते. दुकानदाराला मोडायला त्याला कोर्टाची शिक्षा लागत होती. हॅम्बुर्गच्या माणसांनी हा फरक ओळखला आणि छापखाना संघटनेच्या घरातून काढून दुकानदाराच्या घरात नेऊन ठेवला.

काय केले

छापखाना डीट्स यांच्या नावावर झाला. कागदोपत्री ते मालक, व्यवहारात विश्वस्त. वय पस्तीस. या व्यवस्थेचा पाया म्हणजे लोकांचा त्यांच्यावरचा भरवसा, कारण ‘हा नावापुरता मालक आहे’ असे उघड लिहून ठेवले असते तर तोच कागद पोलिसांच्या कामी आला असता. कल्पना करा, तुमच्या सोसायटीची सगळी ठेव एका सभासदाच्या नावावर करायची आणि त्याची खरी पावती कोणालाच द्यायची नाही.

बंद पडलेल्या वृत्तपत्राच्या जागी ‘गेरिश्ट्सत्साइटुंग’ निघाले. नावाचा अर्थ ‘न्यायालयवार्ता’. नावातच धोरण होते. कोर्टात काय घडले, संसदेत कोण काय बोलले, शहरात काय चालले आहे, हे सांगायचे. राइशटागच्या जाहीर बैठकांचा खरा वृत्तांत छापणाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असे राज्यघटनेच्या २२ व्या कलमात म्हटलेले होते. त्यामुळे जे लेखात लिहिणे धोक्याचे, ते संसदेतल्या भाषणाचा वृत्तांत म्हणून वाचकापर्यंत जाऊ शके. १८७९ च्या अखेरीस विल्हेल्म ब्लोस यांच्या संपादनाखाली ‘डेर वारे याकोब’ हे विनोदी चित्रपत्रही डीट्स यांच्याकडून निघाले. व्यंगचित्र आणि पद्य यांतून बरेच काही सांगता येते, आणि सरकारी वकिलाला त्याचा अर्थ कोर्टात समजावून सांगताना घाम फुटतो.

पक्षातल्या जहाल मंडळींना हे पटले नाही. मोस्ट यांना लंडनमध्ये बसून हा सगळा पडखाऊपणा वाटत होता. ऑगस्ट १८८० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या विडेनच्या गढीत पक्षाची गुप्त परिषद झाली. तिथे मोस्ट आणि त्यांच्यासारखेच जहाल असलेले हासेलमान यांना पक्षातून काढले, आणि त्याच परिषदेत ‘सर्व कायदेशीर मार्गांनी’ या शब्दांतला ‘कायदेशीर’ हा शब्द कार्यक्रमातून गाळला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या, यात विसंगती नाही. कायदा पाळून जेवढे करता येईल तेवढे उघड, बाकीचे झ्युरिकमार्गे, अशी कामाची वाटणी बसत चालली होती.

हॅम्बुर्गमध्ये ती बसली असे वाटत असतानाच फासा उलटा पडला. १८८० मध्येच दुसऱ्या मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत पक्षाचे उमेदवार, पेशाने मोची असलेले गेओर्ग विल्हेल्म हार्टमान, निवडून आले. बंदी असलेल्या पक्षाने शहरात जागा जिंकणे ही सरकारला चपराक होती. २८ ऑक्टोबर १८८० रोजी हॅम्बुर्ग-आल्टोना भागात ‘छोटी वेढाबंदी’ लागू झाली. कायद्याच्या २८ व्या कलमाखाली, सार्वजनिक सुरक्षेला धोका वाटेल त्या माणसाला कोर्टात न नेता शहरातून घालवता येत होते. पहिल्याच झपाट्यात सत्तरहून अधिक जणांना हद्दपारीचे हुकूम मिळाले. त्यांत डीट्स होते, ब्लोस होते, आणि बर्लिनमधून आधीच हाकलले गेलेले इग्नात्स आउअर होते. बहुतेकांच्या मागे बायकामुले. घर आवरायला मिळाला तो काही दिवसांचा अवधी.

इथे मालमत्तेच्या डावपेचाची मर्यादा उघडी पडली. मालकाचे यंत्र वाचले, पण यंत्राशेजारी उभे राहायचा मालकाचा हक्क गेला.

डीट्स यांच्यापुढे पुन्हा निवड होती. हद्दपार झालेल्यांपैकी अनेकांनी अमेरिकेची बोट धरली. हॅम्बुर्ग हे देशांतराचेच बंदर, तिकीट काढले की संपले. डीट्स थांबले, आणि १८८१ मध्ये त्यांनी दक्षिणेकडचे स्टुटगार्ट निवडले. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. ते ज्यात होते ते व्युर्टेमबेर्ग हे वेगळे राज्य, प्रशिया या सर्वांत मोठ्या जर्मन राज्याइतके कडक नाही. छोटी वेढाबंदी तिथे कधीच लागू झाली नाही. शिवाय स्टुटगार्ट हे पुस्तकधंद्याचे जुने शहर. कागदवाले, बांधणीवाले, खिळे ओतणारे, चित्र कोरणारे सगळे तिथे होते, आणि एका नव्या प्रकाशकाकडे कोणी वळून बघत नव्हते.

तिकडे लाइपझिगमध्ये पक्षाचा दुसरा सहकारी छापखाना होता. २७ जून १८८१ रोजी लाइपझिगवरही वेढाबंदी आली आणि पक्षाचे नेते ऑगस्ट बेबेल व विल्हेल्म लिबक्नेख्ट यांना शहर सोडावे लागले. त्या छापखान्याचा पसारा आणि पुस्तकसाठा डीट्स यांनी घेतला, आणि ३१ डिसेंबर १८८१ या तारखेने स्टुटगार्टमध्ये ‘जे. एच. डब्ल्यू. डीट्स’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. म्हणजे तीन वर्षांत दोन शहरांतल्या कामगारांची पुंजी एका माणसाच्या नावावर आली.

परिणाम

सर्वांत आधी निवडणूक. २७ ऑक्टोबर १८८१ ला राइशटागची निवडणूक झाली. देशभरात पक्षाची मते १८७८ च्या ४ लाख ३७ हजारांवरून ३ लाख १२ हजारांवर घसरली. वृत्तपत्रे नाहीत, सभा नाहीत, कार्यकर्ते हद्दपार, याचा तो परिणाम. तरी जागा ९ वरून १२ झाल्या, आणि त्यांतली एक होती हॅम्बुर्गची दुसरी. तिथून निवडून आले डीट्स. ज्या माणसाला शहरात राहायला बंदी, त्यालाच शहराने बर्लिनला पाठवले. पुढची नऊ वर्षे, कायदा असेपर्यंत, हा प्रतिनिधी आपल्या मतदारसंघाचा हद्दपार नागरिकच होता. १८८० च्या दुरुस्तीने खासदारांना अधिवेशनाच्या काळात बर्लिनमध्ये राहू दिले जाई, एवढीच सवलत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. राइशटागच्या सदस्यांना १९०६ पर्यंत मानधन नव्हते. ज्याच्याकडे जमीन किंवा धंदा नाही, त्याने खासदार होऊ नये अशीच ती योजना. डीट्स यांना छापखान्याने पोसले. छापखाना नसता तर त्यांना जागा लढवणेच जमले नसते. मतपत्रिकांचा संबंधही थेट होता. तेव्हा सरकार मतपत्रिका छापत नसे. उमेदवाराचे नाव छापलेली पांढरी चिठ्ठी पक्षच वाटे. ती ‘छापील साहित्य’ ठरवून जप्त होऊ नये म्हणून मार्च १८८४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

स्टुटगार्टला प्रकाशनाचे काम जोमाने वाढले. जानेवारी १८८३ मध्ये कार्ल काउट्स्की यांच्या संपादनाखाली ‘दी नोये त्साइट’ हे वैचारिक मासिक सुरू झाले. नावाचा अर्थ ‘नवा काळ’. शास्त्र, इतिहास, अर्थकारण अशा संयत रूपात ते निघे, आणि समाजवादविरोधी कायदा संपेपर्यंत त्यावर बंदी आली नाही. १८८४ मध्ये ‘डेर वारे याकोब’ पुन्हा सुरू झाला. पहिल्या महायुद्धाआधी त्याचा खप साडेतीन लाखांच्या पुढे गेला होता. १८९२ पासून क्लारा झेटकिन यांचे ‘दी ग्लाइशहाइट’ हे कामगार स्त्रियांचे पत्र याच घरातून निघू लागले. मुंबईच्या मादाम कामा यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत भारताचा झेंडा फडकवला, ते शहर हेच स्टुटगार्ट. एखादे शहर अशा परिषदेसाठी निवडले जाते तेव्हा तिथे आधी पंचवीस वर्षे कोणी तरी शाईत हात घातलेले असतात.

सगळेच निर्वेध झाले असे मात्र नाही. परदेशातल्या गुप्त परिषदांमुळे बेकायदा संघटनेत भाग घेतल्याचा खटला भरला गेला. ऑगस्ट १८८६ मध्ये फ्राइबेर्गच्या कोर्टाने बेबेल, आउअर आदींना नऊ महिने आणि डीट्स यांना सहा महिने तुरुंगवास दिला. संपूर्ण कायद्याच्या काळात सुमारे १३०० प्रकाशनांवर बंदी आली आणि सुमारे ९०० माणसे हद्दपार झाली.

३० सप्टेंबर १८९० ला कायदा संपला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत पक्षाला १४ लाखांहून अधिक मते पडली.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट सावधगिरीची. बर्लिनमध्ये छोटी वेढाबंदी २८ नोव्हेंबर १८७८ लाच लागली होती आणि ६७ जण बाहेर काढले गेले होते. हॅम्बुर्गची पाळी येणार हे उघड होते. मधे जवळजवळ दोन वर्षे मिळाली. तेवढ्यात स्टुटगार्टसारख्या शहरात एक छोटी शाखा, दोन यंत्रे आणि एक विश्वासू माणूस आधीच ठेवला असता, तर ‘डेर वारे याकोब’ला तीन वर्षांचा खंड पडला नसता. यावर उत्तर असे देता येईल की पैसाच नव्हता. ते खरेही आहे. पण जागा बघून ठेवायला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. एकाच माणसावर सगळे टाकणे हा जुगार होता. डीट्स आजारी पडून गेले असते तर? धंदा बुडून सावकारांनी यंत्रे नेली असती तर? वारसांनी हक्क सांगितला असता तर? भागधारकांना दारात उभे राहायलाही जागा नव्हती. जुगार जमला, कारण माणूस तसा निघाला. दोन-तीन जणांची भागीदारी करून, त्यातला एक हॅम्बुर्गबाहेरचा ठेवला असता, तर धोका वाटला गेला असता आणि हद्दपारीनंतर यंत्राशेजारी कोणी तरी मालक उरला असता. अर्थात भागीदार वाढले की भांडणाच्या वाटाही वाढतात. तरी मी त्या जागी असतो तर भागीदारीकडे झुकलो असतो.

धार कमी करण्याबद्दल मला डीट्स यांना दोष द्यावासा वाटत नाही. झ्युरिकचा अंक धारदार होता, कारण हॅम्बुर्ग आणि स्टुटगार्ट संयत होते, आणि हॅम्बुर्ग-स्टुटगार्ट तगले, कारण रागाला झ्युरिकमध्ये जागा होती. मन दुखते ते त्या सत्तर जणांसाठी. छापखाना वाचवण्याचा विचार कितीतरी आधी झाला, माणसे घालवली गेली तर त्यांच्या घरांचे काय, याची वर्गणी मात्र हुकूम हातात पडल्यावर सुरू झाली. हा क्रम उलटा हवा होता.

नावाचा प्रश्न तेवढ्यावर मिटलाही नाही. कंपनीचा कायदा आल्यावर १८९७ मध्ये प्रकाशनसंस्थेची मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली. डीट्स, बेबेल आणि पक्षाचे आणखी एक नेते पाउल झिंगर असे भागधारक झाले, आणि नावापुढे ‘नाखफोल्गर’, म्हणजे ‘उत्तराधिकारी’, हा शब्द लागला. जवळपास वीस वर्षे तोंडी असलेला भरवसा कागदावर आला. पुढे मालकी पक्षाकडे गेली. त्या वेळी सगळ्यांना हेच योग्य वाटले असणार. मालमत्ता अखेर ज्यांची होती त्यांच्याकडे परतली होती.

मग महायुद्ध आले, पक्ष फुटला, आणि युद्धाला विरोध करणारे संपादक पक्षनेतृत्वाला नकोसे झाले. १९१७ मध्ये मालक म्हणून असलेला अधिकार नेतृत्वाने वापरला. मे महिन्यात क्लारा झेटकिन यांच्या हातून ‘दी ग्लाइशहाइट’ काढून घेतले, आणि शरद ऋतूत काउट्स्की यांना ‘दी नोये त्साइट’मधून बाजूला केले. पहिल्या अंकापासून चौतीस वर्षे ते त्या खुर्चीवर होते. यंत्रे तीच, खिळे तेच, आणि दारावर अजूनही डीट्स यांचेच नाव होते.